सरकार शिकवायचं तर नळापासून सुरुवात करा : तिसरी ते पाचवीच्या वर्गासाठी

तिसरीच्या वर्गात "सरकार म्हणजे कोण?" असं विचारून बघा. "मुख्यमंत्री", "पोलीस", "तहसीलदार", "टीव्हीवर भांडतात ते" अशी उत्तरं येतात. अलीकडे एक नवं उत्तरही ऐकू येतं : "आईच्या खात्यावर पंधराशे टाकतात ते." मला हे उत्तर सगळ्यांत चांगलं वाटतं. बाकीच्या उत्तरांत सरकार म्हणजे कुणीतरी माणूस आहे. या उत्तरातलं सरकार काहीतरी करतं आणि ते आपल्या घरापर्यंत पोचतं. शिकवायला एवढा धागा पुरतो.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी गाडी उलटी चालते. राष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल, मुख्यमंत्री अशी उतरंड पाठ करून घेतली जाते. मग शाळा सुरू झाल्यावर महिन्या-दोन महिन्यांत शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक होते. फोटो ग्रुपवर पडतात, स्थानिक पेपरात चार ओळी छापून येतात, आणि निवडून आलेला आरोग्यमंत्री दुसऱ्या दिवसापासून पोरांची नखं तपासायला लागतो. सरकार म्हणजे बिल्ला लावून दुसऱ्यावर हुकूम सोडणारा, एवढंच मुलांच्या पदरात पडतं.

म्हणून मी क्रम असा सुचवतो : आधी वस्तू, मग पैसा, मग माणसं, मग निर्णय, आणि निवडणूक सगळ्यात शेवटी. आठवड्याला दोन तासिका मिळाल्या तर दिवाळीपर्यंत एवढं आरामात होतं. महाराष्ट्रात तिसरी ते पाचवी हा भाग परिसर अभ्यासात येतो. 'नागरिकशास्त्र' हे नाव सहावीला भेटतं. तिथे गावाच्या आणि शहराच्या स्थानिक शासन संस्था आहेत, सातवीला संविधान, आठवीला संसदीय पद्धत. तेव्हा खालच्या वर्गांना व्याख्यांची घाई नाही. पाठ्यपुस्तकं बदलत राहतील, गावातला नळ तोच राहणार आहे.

हे कुणाचं? : शाळेभोवतीची फेरी

पहिल्या दिवशी वही-पेन्सिल घेऊन वर्गाबाहेर पडा. शाळेपासून पाच-सात मिनिटांच्या अंतरात जे जे कुणा एका घराचं नाही ते लिहायचं. हातपंप, गटार, रस्त्यावरचा दिवा, अंगणवाडी, एसटीचा थांबा, रेशन दुकान, आरोग्य उपकेंद्र, पोस्टाची पेटी, विजेची डीपी, पाण्याची टाकी. देऊळही यादीत येणार, आणि त्यावरून वाद होणार. तो होऊ द्या. देऊळ सगळ्यांचं असतं पण सरकारचं असेलच असं नाही, हे तिसरीच्या मुलाला भांडताना जेवढं कळतं तेवढं सांगून कळत नाही.

वर्गात परत आल्यावर फळ्यावर तीन रकाने काढा : वस्तू, बिघडली तर कोण दुरुस्त करतं, पैसे कोण देतं. पहिला रकाना मुलं भरतात, दुसऱ्यात अडखळतात, तिसऱ्यात गप्प होतात. लगेच उत्तरं सांगू नका. "घरी विचारून या" एवढंच. दुसऱ्या दिवशी निम्मी उत्तरं चुकीची येतील, कारण मोठ्यांनाही माहीत नसतं.

एक खांब नीट बघायला लावा. खांब आणि तारा महावितरणच्या. त्यावरचा दिवा ग्रामपंचायतीचा, आणि त्याचं बिलही गावच्या नावावर. दिवा गेला तर महावितरणच्या वायरमनला फोन करून उपयोग नाही, आणि तार तुटली तर सरपंचांना सांगून भागत नाही. एकाच खांबावर दोन कार्यालयं लटकलेली आहेत हे पाहिल्यावर 'सरकार' हा एकच ढीग नाही, त्यात वेगवेगळी कामं वेगवेगळ्यांकडे आहेत, हे मुलांना उमगतं. 'कार्यविभाजन' हा शब्द वापरायची गरज पडत नाही.

याहून भारी धडा रोज दुपारी ताटात येतो. पहिली ते पाचवीच्या मुलाला पोषण आहारात १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ धरलेली असते. तांदूळ केंद्र सरकार अन्न महामंडळाच्या गोदामातून देतं. शिजवण्याचा आणि बाकी जिन्नसांचा खर्च केंद्र आणि राज्य ६० : ४० असा वाटून घेतात. शिजवायला गावातल्याच मावशी असतात आणि देखरेख शाळा व्यवस्थापन समितीची. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, म्हणजे वर्गातल्याच कुणाची तरी आई त्यात बसलेली असते. १०० ग्रॅम तांदूळ तराजूवर तोलून मुलांसमोर ठेवा. दिल्ली, मुंबई, जिल्हा आणि गाव एका वाटीत दिसतात. पुढे पाचवीला केंद्र-राज्य संबंध सांगायची वेळ आली की हीच वाटी परत काढता येते.

शाळेचं वीजबिल कोण भरतं, हा प्रश्न कुणीतरी विचारणारच. जे खरं असेल ते सांगा. आपल्यातले अनेक शिक्षक यावर फक्त हसतात, त्याला इलाज नाही.

पैसा : घरपट्टीची पावती आणि शंभर चिंचोके

सरकारकडे पैसा कुठून येतो, यावर मुलांचं ठाम उत्तर असतं : "बँकेतून." किंवा "ते छापतात." इथे घरपट्टीची पावती कामाला येते. मात्र मुलांना घरून पावत्या आणायला सांगू नका. कुणाकडे थकबाकी असते, कुणाचं घर गायरानात असतं आणि पावतीच नसते, आणि वर्गात त्याची चर्चा झाली की ते पोर दोन दिवस शाळेत येत नाही. शिक्षकाने स्वतःची पावती आणावी, किंवा ग्रामपंचायतीतून नाव झाकलेली झेरॉक्स घ्यावी. त्यावर घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, पाणीपट्टी असे वेगळे आकडे असतात. चौथीच्या मुलांना बेरीज करायला द्या. 'दिवाबत्ती' शब्द दिसला की कालचा खांब त्यांना आपोआप आठवतो. गावाचा सगळा खर्च या पट्टीतून भागत नाही, वित्त आयोगाचा निधी वरून येतो, हेही सांगून टाका. गावात मोठी माणसं "पंधराव्यातून केलं" म्हणतात ते मुलांनी ऐकलेलं असतं. तो पंधरावा वित्त आयोग.

मग खेळ. पाच-पाच मुलांचे गट करा आणि प्रत्येक गटाला १०० चिंचोके द्या. जमिनीवर खडूने पाच चौकोन आखा : पाणी, दिवे, गटार-सफाई, रस्ता, अंगणवाडी-शाळा. चिंचोके वाटून ठेवायचे. पहिल्या फेरीत बहुतेक गट २०-२० ठेवून मोकळे होतात. मग प्रत्येक गटाला एक चिठ्ठी द्या. "उन्हाळा आहे, विहीर आटली." "पावसात वस्तीकडचा पूल खचला." "गावात डेंग्यूचे रुग्ण सापडले." आता परत वाटा. आणि शेवटी, सगळं जमलंय असं वाटत असताना, प्रत्येक गटाकडून २० चिंचोके काढून घ्या : यंदा घरपट्टी कमी भरली गेली.

इथे खरी चर्चा सुरू होते. रस्ता कुणाच्या वस्तीचा आधी, अंगणवाडीला रंग हवा की गटाराला झाकण. शिक्षकाने मधे पडायचं नाही. फक्त एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा : "ज्यांचं राहिलं त्यांना काय सांगाल?" दुसरीतल्या मुलांना हा खेळ जड जातो; तिसरीच्या उत्तरार्धापासून जमतो.

ग्रामपंचायतीची भेट

ही भेट सगळ्या शाळा काढतात आणि बहुतेक वेळा ती वाया जाते. मुलं रांगेत जातात, सतरंजीवर बसतात, कुणीतरी भाषण करतं, बिस्किटाचा पुडा मिळतो, फोटो. तयारी वर्गात झाली असेल तरच भेटीला अर्थ येतो.

पत्र आठवडाभर आधी द्या, तेही मुलांच्या अक्षरात. बाजाराचा दिवस, मासिक सभेचा दिवस टाळा. सरपंचांच्या जोडीला आणखी तिघं त्या दिवशी भेटतील असं बघा : ग्रामसेवक, पाणी सोडणारा कर्मचारी आणि संगणकावर दाखले काढून देणारा परिचालक. ग्रामसेवकाचं पदनाम २०२४मध्ये 'ग्रामपंचायत अधिकारी' झालं, पण गावात अजून "भाऊसाहेब"च चालतं. मुलांना दोन्ही सांगा. निवडून आलेलं कोण आणि नोकरीला लागलेलं कोण, हा फरक या भेटीत कळला पाहिजे. तो समजवायला एक प्रश्न पुरतो : "तुम्हाला इथून कोण काढू शकतं?" मुलांनी हा सरपंचांनाही विचारावा आणि भाऊसाहेबांनाही. दोघांची उत्तरं वेगळी येतात. हसू येतं, ते चालतं.

प्रश्न वर्गातच तयार करा आणि गुळगुळीत प्रश्न खोडून टाका. "आपण कोणकोणती कामे करता?" याला छापील उत्तर येतं. त्याऐवजी : "मागे दोन दिवस पाणी आलं नाही, तेव्हा पहिला फोन कुणी कुणाला केला?" "वाल्व कोण फिरवतं, किती वाजता?" "आमच्या वस्तीवर कमी वेळ पाणी का येतं?" पाणी सोडणाऱ्या काकांकडे सगळ्यांत जास्त माहिती असते आणि त्यांना कधीच कुणी प्रश्न विचारलेला नसतो. त्यांना जास्त वेळ द्या.

दोन गोष्टी मुद्दाम हातात घेऊन दाखवा. एक, नोटीस बोर्ड : त्यावर काय लावलंय, तारीख किती जुनी आहे. दोन, प्रोसिडिंग बुक. ग्रामसभेत कोण काय बोललं आणि काय ठरलं ते या जाड रजिस्टरमध्ये उतरवलेलं असतं, खाली सह्या आणि अंगठे. एक ठराव मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. भाषा अवघड असते, पण 'सूचक' आणि 'अनुमोदक' हे दोन शब्द मुलं लगेच उचलतात आणि पुढचे आठ दिवस डबा खायला बसतानाही वापरतात.

आता एक नाजूक बाब. महाराष्ट्रात २०११पासून पंचायतींमध्ये निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, त्यामुळे सरपंच बाई असण्याची शक्यता भरपूर. पण भेटीच्या दिवशी खुर्चीवर त्यांचे यजमान बसलेले असण्याची शक्यताही कमी नाही. मुलं हे बघतात, आणि वर्षभर शिकवलेलं एका मिनिटात पुसलं जातं. त्यावर भांडण काढून उपयोग नाही, शाळेला गावात राहायचं असतं. पत्र सरपंचताईंच्या नावानेच द्या, फोनही त्यांनाच करा, आणि मुलांना सांगून ठेवा की प्रश्नाची सुरुवात "सरपंचताई" अशीच करायची. पंधरा पोरं एकापाठोपाठ "सरपंचताई, मला सांगा…" म्हणायला लागली की यजमान हळूहळू मागे सरकतात. ताई बोलायला लागल्या की त्यांना पाण्याचं, अंगणवाडीचं, रेशनचं बारीकसारीक माहीत असतं, हे सगळ्यांनाच दिसतं.

शहरातल्या शाळांनी महापालिकेच्या मुख्य इमारतीत जाऊ नये. तिथे मुलांना फक्त जिने दिसतात. आपल्या भागाचं क्षेत्रीय कार्यालय किंवा सफाई कामगारांची हजेरी होते ती जागा निवडा. २०२२नंतर राज्यातल्या बऱ्याच महापालिका आणि जिल्हा परिषदांवर काही वर्षं प्रशासक होते, कारण निवडणुका रखडल्या होत्या. "तेव्हा आमचा नगरसेवक कोण होता?" असं एखाद्या मुलाने विचारलं तर "कुणीच नव्हतं, अधिकारीच कारभार बघत होते" हे सरळ सांगावं. मग "तक्रार कुणाकडे केली असेल?" यावर वर्गाला विचार करू द्या.

बालसभा : इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

माझ्या मते पूर्ण उपक्रमाचा गाभा हाच आहे. निवडणूक राहून गेली तरी चालेल, बालसभा राहू नये.

दर शनिवारी अर्धा तास, सगळा वर्ग गोल बसतो. अध्यक्ष दर वेळी नवा, चिठ्ठी टाकून. सभेपुढे येणारा विषय असा हवा की ज्याचा निर्णय मुलांनी घेतला तर तो खरोखर अमलात येईल. शिक्षकाने सुरुवातीलाच फळ्यावर दोन याद्या लिहाव्यात. सभा ठरवू शकते : वाचनाच्या तासाला कुठली पुस्तकं, मैदानावर कुठल्या दिवशी कुणाचा खेळ, परसबागेत काय लावायचं, वर्गाची भिंत कशी सजवायची. सभा ठरवू शकत नाही : सुट्टी, परीक्षा, कुणाला शिक्षा. शिक्षेचा मुद्दा पक्का धरा. मुलांच्या हाती शिक्षा दिली की सभा पंधरा दिवसांत कोर्ट होते आणि एकच पोर रोज आरोपी.

प्रोसिडिंगसाठी शंभर पानी वही पुरते. लिहिण्याची पद्धत भेटीत पाहिलेली असते. चौथीच्या वहीत साधारण असं उतरतं :

"ठराव क्र. ४. परसबागेतली मेथी बुधवारच्या आमटीत घालावी. बाजूने १४, विरोधात ६. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे : मेथी कडू लागते, पालक घाला. ठराव बहुमताने मंजूर. मावशींना विचारून कळवायचे."

या नोंदीतली दोन वाक्यं सोडू देऊ नका. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं लिहिलंच पाहिजे, नाव न घालता. हरलेल्या बाजूचं कागदावर राहतं, हे त्या सहा मुलांना फार मोठं वाटतं. आणि मावशींना विचारणं. सभेने ठरवलं म्हणून झालं असं नसतं, ज्याने काम करायचं त्याची अडचण असू शकते. मावशी म्हणाल्या, "बुधवारी मटकी असते, शुक्रवारी घालते," तर पुढच्या शनिवारी ठराव दुरुस्त करायचा.

कधी शिक्षकाला सभेचा ठराव फिरवावा लागतो. लागला तर कारण त्याच वहीत, स्वतःच्या सहीने लिहावं. "सर म्हणाले म्हणून" ही पळवाट शिक्षकालाच बंद केली की मुलांचा सभेवर विश्वास बसतो.

महिनाभरात सभेत असा विषय येतोच की जो शाळेच्या हातात नाही. रस्त्यावरचा दिवा, फाटकापुढचं डबकं, भटकी कुत्री. इथे अर्ज लिहायला शिकवा. मुलांचा मसुदा असा असू शकतो :

"प्रति, मा. सरपंच. विषय : शाळेपुढचा दिवा लावण्याबाबत. महोदया, शाळेच्या फाटकापुढच्या खांबावरचा दिवा पंधरा दिवस बंद आहे. तिथे गटाराला झाकण नाही. अंधारात पाय जातो. दिवा व झाकण बसवावे. कधी बसवणार ते कळवावे. आपली, बालसभा, इयत्ता चौथी."

"तरी कृपया योग्य ती कार्यवाही व्हावी ही नम्र विनंती" हे शेपूट लावू नका; मुलांच्या पत्रात ते शोभत नाही, आणि "कधी बसवणार ते कळवावे" यात जो जोर आहे तो जातो. अर्जाच्या दोन प्रती. दोन मुलं जाऊन एक प्रत देतात, दुसरीवर शिक्का आणि तारखेची पोच घेतात. पोच घेतल्याशिवाय अर्ज दिला असं समजायचं नाही, हे नऊ वर्षांच्या मुलाला शिकवता येतं, आणि ते त्याच्या घरात सातबाऱ्यापासून रेशनकार्डापर्यंत कामाला येतं. पोचेची प्रत वर्गाच्या भिंतीवर लावा. खाली तारीख लिहायला रिकामी जागा ठेवा. उत्तर आलं की तारीख. नाही आलं तर महिन्याने स्मरणपत्र, तेही पोच घेऊन.

दिवा लागला तर आभाराचं पत्र. नाही लागला तर? "सरकार कामच करत नाही" असा निष्कर्ष मुलं चटकन काढतात. तेव्हा चिंचोके परत काढा. कदाचित गावाने यंदा पाण्यावर खर्च केला असेल. कदाचित अर्ज फाइलमध्ये पडून असेल. दोन्ही शक्य आहे, आणि कुठलं ते विचारल्याशिवाय कळत नाही.

निवडणूक, सगळ्यात शेवटी

आधी ठरवा की निवडायचं कोण. बहुतेक शाळांत सगळी मुलं मिळून थेट 'मुख्यमंत्री' निवडतात, आणि तिथेच घोळ होतो. राज्यात लोक मुख्यमंत्र्याला थेट निवडत नाहीत. लोक आपापल्या मतदारसंघातून आमदार निवडतात, महाराष्ट्रात विधानसभेच्या २८८ जागा आहेत, आणि ज्याच्या मागे बहुमत तो मुख्यमंत्री होतो. सरपंच मात्र सध्या महाराष्ट्रात थेट मतदारांकडून निवडला जातो. ही पद्धत २०१७ला आली, २०२०ला गेली, २०२२ला परत आली. गोव्यात आधी पंच निवडून येतात आणि ते आपल्यातून सरपंच निवडतात. तेव्हा थेट मतदान घ्यायचं असेल तर पदाला सरपंच म्हणा आणि शालेय मंत्रिमंडळाऐवजी शालेय ग्रामपंचायत करा. मुख्यमंत्रीच हवा असेल तर आधी प्रतिनिधी निवडा, मग त्यांना बंद खोलीत बसवून त्यांच्यातला एक निवडू द्या. पाचवीला दुसरी रीत जमते आणि फार रंगते. तिसरीला पहिली बरी.

मतदारसंघ वस्तीवार पाडू नका. एका वस्तीची मुलं जास्त असली की निकाल आधीच ठरतो, आणि गावातली जी भांडणं शाळेबाहेर ठेवायची ती मतपेटीतून आत येतात. हजेरीपटावरून एक, दोन, तीन असे आकडे म्हणवून गट पाडावेत. मुलींसाठी निम्म्या जागा राखून ठेवा आणि कुठल्या जागा ते चिठ्ठी टाकून सगळ्यांसमोर ठरवा. "हे मुलांवर अन्याय आहे" असं कुणीतरी म्हणणार. ग्रामपंचायतीच्या भेटीत सभागृहात लावलेले आजवरच्या सरपंचांचे फोटो किंवा नावांचा फलक पाहिला असेल तर त्यात बायका किती होत्या ते मोजायला सांगा.

कार्यक्रम जाहीर करा : अर्ज, छाननी, माघार, चिन्हवाटप, प्रचार, मतदान, मोजणी. छाननीत एखादा अर्ज खरंच बाद झाला पाहिजे, सही नाही म्हणून, तारीख चुकली म्हणून. चिन्हं पक्षांची नकोत. कमळ, हात, घड्याळ, मशाल, धनुष्यबाण, इंजिन सगळं बाजूला. गावची ग्रामपंचायतही पक्षाच्या चिन्हावर लढवली जात नाहीच. पाटी, डबा, चेंडू, छत्री चालतात. पहिलीच्या मुलांना नावं वाचता येत नसताना ती चिन्ह बघून मत देतात, आणि चिन्हं कशासाठी आली हे त्यांना सांगावंच लागत नाही.

प्रचाराच्या दिवशी कुणीतरी चॉकलेटं वाटणार. हे गृहीत धरूनच चला. त्या मुलाला ओरडू नका, घरातल्या मोठ्यांकडूनच ते आलेलं असतं. सभा बोलवा आणि वर्गाला विचारा : चॉकलेट घेतलं तर मत द्यावंच लागतं का? खोलीत आत कोण बघतं? गुप्त मतदान कशासाठी, हे इथे सगळ्यांत स्वच्छ कळतं. जाहीरनाम्यात "रोज सहल काढीन" लिहिणाऱ्याला पैसा कुठून आणणार हे विचारायचा हक्क मतदारांना द्या.

मोबाइलवरचं मतदान यंत्राचं अ‍ॅप हल्ली बऱ्याच शाळा वापरतात. बीप वाजते, मजा येते. तरी पाचवीपर्यंत मी कागदी मतपत्रिकाच वापरा म्हणेन. मतं उलगडून, चिन्हवार ढीग करून, दहा-दहाच्या गड्ड्या बांधून मोजताना मुलांना दिसतं की निकाल कुठून आला. दोन चिन्हांवर शिक्का मारलेली एक मतपत्रिका निघते आणि ती बाद करायची की नाही यावर दहा मिनिटं जातात, ती वसूल होतात. 'नोटा' तिसरी-चौथीला ठेवू नका. गंमत म्हणून सगळे तिथेच शिक्का मारतात.

मतदान केंद्रावरची कामं मुलांकडेच द्या. मतदान केंद्राध्यक्ष, नाव तपासणारा, शाई लावणारा, मतपत्रिका देणारा. आपल्यापैकी बहुतेकांनी ही ड्यूटी केलेली आहे, त्यामुळे शिक्षकाइतका चांगला सांगणारा दुसरा कोण? पेट्या घेऊन रात्री मुक्कामाला राहिलात, पहाटे उठून मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, घेतला, ते सांगा. वर्गाच्या दारावर खडूने लिहिलेला केंद्र क्रमांक, उखडलेल्या स्टिकरचा चिकटा अजून असतो, तो दाखवा. बोटाच्या शाईसाठी मार्कर पुरतो. खरी शाई १९६२च्या निवडणुकीपासून म्हैसूरच्या कारखान्यात बनते, त्यात सिल्व्हर नायट्रेट असतं म्हणून ती घासून जात नाही. हे सांगितल्यावर मुलं आठवडाभर आजी-आजोबांची बोटं तपासतात.

"आम्हाला खऱ्या निवडणुकीत मत का नाही?" हा प्रश्न आला की १९८९ सांगा. तोवर २१ वर्षं पूर्ण लागायची, घटनादुरुस्ती होऊन १८ झाली. वय माणसांनीच ठरवलं आणि माणसांनीच बदललं. आता तुमच्या सभेत पहिलीच्या मुलांना मत द्यायचं का, ते तुम्ही ठरवा.

हरलेल्या उमेदवाराकडे त्याच दिवशी काम द्या. प्रोसिडिंग लिहिणं, किंवा ठरावाचं पुढे काय झालं हे दर शनिवारी विचारणं. निवडून आलेल्यांना बिल्ले नकोत. त्यांना सभेने ठरवलेली कामं द्या, आणि ती झाली की नाही याचा जाब सभेपुढे.

राजकारण वर्गात आलं तर

येणारच. "आमचे साहेब", "तुमचा पक्ष चोर". नाव घ्यायला हरकत नाही, मुलांना आमदार-खासदारांची नावं माहीत असावीत. गुणगान आणि शिवी दोन्ही नको. आणखी एक मर्यादा घराची : कुणाच्या घरी कोण कुणाला मत देतं, हे वर्गात विचारायचं नाही आणि कुणी सांगायला लागलं तर तिथेच थांबवायचं.

पाचवीला गावाबाहेर

रस्त्याच्या कडेचे मैलाचे दगड बघायला लावा. पिवळा माथा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्य मार्गाचा, केशरी गावाकडच्या रस्त्याचा. गावातून तालुक्याला जाताना कुठे रंग बदलतो ते मुलं एसटीच्या खिडकीतून टिपून आणतात, आणि प्रत्येक रंगामागे कोणतं सरकार ते लिहितात. जिल्हा परिषद इथेच सांगून टाका. १ मे १९६२ला महाराष्ट्रात त्या सुरू झाल्या आणि तुमची शाळा बहुधा त्यांचीच आहे, फलकावर नाव आहेच.

तपासायचं कसं

रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, यांनी काही कळत नाही. एक प्रसंग द्या : "टाकीजवळचा पाइप फुटलाय, रस्त्यावर पाणी वाहतंय. तू काय करशील?" "सरपंचांना सांगीन" हे अर्धं उत्तर. कुणाला आधी, कसं, पुढे काय, इतकं आलं की जमलं. ज्या मुलाने "पाणी सोडणाऱ्या काकांना फोन, नाही उचलला तर ग्रामपंचायतीत जाऊन अर्ज, आणि पोच" असं लिहिलं त्याला पैकीच्या पैकी द्या, शुद्धलेखन कसंही असो.

वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात, त्यांतली एखादी स्वातंत्र्यदिनाच्या किंवा प्रजासत्ताकदिनाच्या सुमाराला. झेंडावंदनाला आलेली मुलं मागे बसून ऐकू शकतात. मत त्यांना नाही, पण बालसभेचा एखादा ठराव शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांनी तिथे वाचून दाखवावा, आणि तो प्रोसिडिंगमध्ये नोंदवून घ्यावा, एवढं आधी भाऊसाहेबांशी बोलून ठरवता येतं. एप्रिलमध्ये बालसभेची वही बंद करताना शेवटच्या पानावर राहिलेल्या विषयांची यादी, प्रत्येकापुढे अर्जाची तारीख. खाली या चौथीच्या दोन मुलांची सही, वही घेणाऱ्या तिसरीच्या दोन मुलांची सही. जूनची पहिली सभा त्या यादीवरून सुरू करायची.